विज्ञानकथांचा संग्रह दुसऱ्यांदा वाचताना : लेखकाने सूट कुठे घेतली ते शोधा

रेघोटी

विज्ञानकथांचा संग्रह हाती आला की आपण तो सलग वाचत सुटतो. पहिल्या चार कथा भुरळ घालतात, पाचवीपासून सगळ्या एकसारख्या वाटू लागतात आणि पुस्तक कपाटात जातं. कथा वाईट असतात असं नाही. धक्क्यामागून धक्का बसला की मन त्याला सरावतं, एवढंच. म्हणून एका बैठकीत एकच कथा वाचा, फार तर दोन.

प्रत्येक विज्ञानकथा वाचकाकडे एक सूट मागते. ‘एवढं एक माझं ऐका, पुढचं सगळं हिशेबानं देतो’ असा तो करार असतो. सूट कुठे मागितली आणि पुढचा हिशेब चोख आहे का, हे बघण्यात या वाचनाची अर्धी गोडी आहे. ती दुसऱ्या वाचनातच मिळते.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय करा. अडलेला शब्द शोधायला उठू नका. मध्ये एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या वाचनाला मऊ पेन्सिल घ्या आणि समासात तीनच खुणा करा: ‘सू’ म्हणजे सूट, ‘प’ म्हणजे त्या सुटीतून निघालेला परिणाम, ‘ठ’ म्हणजे ठिगळ. कथा अडली म्हणून लेखकाने मागाहून घेतलेली दुसरी सूट ती ठिगळ. चांगल्या कथेत एक ‘सू’, भरपूर ‘प’ आणि ‘ठ’ जवळजवळ नाही, असं चित्र दिसतं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर कागदाच्या पट्ट्या घालून त्यांवर लिहा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे अपरिचित पण खऱ्या गोष्टीवर ‘सू’ पडतो. जड वस्तूजवळ घड्याळ हळू चालतं, ही सूट नाही. जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. (उंचीवर गुरुत्व कमी म्हणून सुमारे ४५ पुढे, वेगामुळे सुमारे ७ मागे.)

कथा कधीची आहे तेही बघून ठेवा. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाला दिसलं एप्रिल २०१९ मध्ये! १९७४ च्या मराठी वाचकासाठी हा शब्दच नवा होता. आज जे पान पाठ्यपुस्तकासारखं वाटतं, ते तेव्हा कथेचं जोतं होतं.

उदाहरणं नारळीकरांच्या कथांचीच घेऊ, त्या बहुतेकांनी वाचलेल्या आहेत. ज्यांनी वाचल्या नसतील त्यांनी आधी कथा वाचाव्यात. खाली रहस्यं फुटणार आहेत.

कोनमापक

मग ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घेऊ. त्यातली सूट एका वाक्यात सांगता येते: वस्तूला अवकाशातून असं फिरवून आणता येतं की ती परत येताना आरशातल्या प्रतिमेसारखी होते. त्यातून डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, गोलंदाजाचा हात बदलतो. बाकी सगळं ‘प’. सुटीला आधार आहे तो मोबियसच्या पट्टीचा, म्हणजे अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीचा. ही पट्टी पुस्तकातली आकृती बघून समजत नाही, हाताने करावी लागते.

साहित्य: ए-४ आकाराची पारदर्शक प्लास्टिक शीट, कायमस्वरूपी शाईचा बारीक मार्कर, चिकटपट्टी. शीटची लांब बाजू धरून २९.७ सेंमी × ३ सेंमीची पट्टी कापा. पट्टी आडवी ठेवून डाव्या टोकापासून २ सेंमीवर छोटा गणपती काढा, सोंड डावीकडे. उजव्या टोकापासून २ सेंमीवर तसाच दुसरा, सोंड त्याच दिशेला, डोकं त्याच कडेला. मध्ये अजून तीन-चार काढले तर उत्तम. वाटेत सोंड कुठेही बदललेली नाही याची डोळ्यांना खात्री पटते.

आता पट्टी उचला, एका टोकाला अर्धा पीळ द्या, म्हणजे १८० अंश, आणि टोकं १ सेंमी एकमेकांवर चढवून चिकटवा. पहिला आणि शेवटचा गणपती शेजारी आले. शेवटचा खाली डोकं वर पाय असा दिसेल. कडं हातात फिरवून त्याला सरळ करून बघा: सोंड उजवीकडे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत कुठेही उडी नाही, कुठेही आरसा नाही, तरी बाजू पालटली.

पट्टीवरचा गणपती दोन मितींचा आहे, त्याला उलटायला पीळ तिसऱ्या मितीत दिला. मूर्ती तीन मितींची, म्हणजे पीळ चौथ्या अवकाशमितीत हवा. ‘सू’ची खूण नेमकी या वाक्याजवळ करा.

पाटीपेन्सिल

साधा कागद घेतला तर चालेल का? वर्तमानपत्राच्या पट्टीवर करून बघितलं तर शेवटचा गणपती पहिल्याच्या मागच्या बाजूला जातो. मग तो ‘उलटला’ म्हणायचं की ‘मागे गेला’?

कोनमापक

@पाटीपेन्सिल, नेमका प्रश्न. साधा कागद म्हणजे दोन बाजू असलेला पातळ ठोकळा, म्हणून ‘मागे गेला’ असं वाटतं. गणितातल्या पट्टीला जाडीच नसते. आकृती कागदावर नसते, कागदात असते. पारदर्शक शीट घ्यायची ती एवढ्यासाठीच. शाई दोन्हीकडून सारखी दिसते आणि ‘मागे-पुढे’ हा भेदच उरत नाही.

आणखी दोन ठिकाणी फसायला होतं. पूर्ण पीळ पडला, म्हणजे ३६० अंश, तर सोंड बदलत नाही. अर्ध्या पिळांची संख्या विषम हवी. शंका आली तर पट्टीच्या मध्यावरून बोट न उचलता फिरवत न्या. एका फेरीनंतर बोट निघालेल्या जागेच्या पाठीमागे आलं तर पट्टी बरोबर आहे. दुसरं म्हणजे पट्टी आखूड-रुंद घेतली तर प्लास्टिक मुडपतं. लांबी रुंदीच्या १.७३ पट, म्हणजे ३ च्या वर्गमूळाएवढ्या पटीहून जास्त हवीच, ही सीमा २०२३ मध्ये सिद्ध झाली. हाताने करताना मात्र आठ-दहा पट धरा.

रसशाळा

या कथेत ‘प’ची खूण कुठवर नेता येते ते बघण्यासारखं आहे. मूर्ती दगडाची किंवा धातूची असेल तर सोंड बदलली, विषय संपला. माणूस उलटला तर नुसता हात बदलून भागत नाही.

हृदय उजवीकडे गेलं, हे त्यातल्या त्यात सोपं. तसे लोक जन्मतःही असतात, साधारण दहा हजारांत एक, आणि बहुतेक ठणठणीत जगतात. खरी अडचण रेणूंची आहे. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डाव्या घडणीची, साखरा उजव्या घडणीच्या. विकरं (पचनासारख्या क्रिया घडवणारी प्रथिनं) आणि त्यांचं खाद्य यांची जोडी हातमोजा आणि हात यांच्यासारखी असते. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही. उलटलेल्या माणसाची विकरंही उलटलेली, अन्न मात्र आपल्याच जगातलं. भात-भाजी-भाकरी पोटात जाईल, पण पिष्ट आणि प्रथिनं अंगी लागणार नाहीत. पाणी, मीठ, प्राणवायू यांना डावं-उजवं नसतं, ती चालतील.

वासाचं उदाहरण तर स्वयंपाकघरातलंच आहे. कार्व्होन नावाचा एक रेणू आहे. त्याची एक घडण स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात, आरशातली दुसरी घडण शहाजिऱ्यात आणि शेपूच्या बियांत. अणू तेच, जोडणी तीच, फक्त बाजू उलटी, आणि आपल्या नाकाला एक पुदिना वाटतो, दुसरं शहाजिरं. नाकातले ग्राहक रेणूही एका बाजूचे असल्याशिवाय हे झालं नसतं. उलटलेल्या माणसाला शेपूची बडीशेप-शहाजिऱ्याकडे झुकणारी लकेर पुदिन्यासारखी वाटायला हवी.

कथा हातात घेऊन तपासायचं ते हे: उलटलेला माणूस किती काळ तसा राहतो? काही तास, एखादा दिवस असेल तर उपाशीपोटीही निभतं आणि लेखकाला ठिगळ लावावं लागत नाही. महिनाभर राहिला तर अन्नाचं उत्तर द्यावंच लागेल.

हीच कल्पना एच. जी. वेल्स यांनी १८९६ मध्ये ‘द प्लॅटनर स्टोरी’त वापरली आहे. एक शिक्षक स्फोटात नाहीसा होतो आणि परत येतो तेव्हा त्याचं डावं-उजवं बदललेलं असतं. दोन्ही कथा पाठोपाठ वाचा. सूट एक असूनही ‘प’च्या याद्या किती वेगळ्या निघतात ते दिसेल.

मोडीवाचक

पानिपतावर लिहितो. ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ या कथेत गंगाधरपंत अचानक वेगळा इतिहास घडलेल्या जगात जाऊन पोचतात. दोन्ही इतिहासांना फाटा एकाच जागी फुटतो: १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना लागलेली गोळी. आपल्या इतिहासात ती लागली. कथेतल्या इतिहासात ती कानाजवळून निघून गेली, आणि मराठे लढाई जिंकले.

अशा पर्यायी इतिहासाच्या कथेसाठी रेघोटींच्या तीन खुणांआधी एक काम करा. कोऱ्या पानावर मध्ये उभी रेघ ओढा. डावीकडे खरा इतिहास, उजवीकडे कथेतला. डावीकडे हे यायला हवं: सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव दोघेही पडले, २३ जून १७६१ ला नानासाहेब पेशवे वारले, माधवराव गादीवर आले, १८१८ मध्ये पेशवाई संपली. उजवीकडे कथेत सापडेल ते भरत जा: विश्वासराव आणि माधवराव दोघेही कर्ते, दिल्लीला नामधारी मोगल बादशाही ठेवलेली, कंपनीचा अंमल मुंबई-कलकत्ता-मद्रासभोवतीच्या तुकड्यांपुरता. प्रत्येक ओळीला विचारा, ‘हे गोळी चुकल्यामुळेच झालं का?’ ज्या ओळीला उत्तर देता येत नाही, तिथे ‘ठ’.

लेखकाने हे बदल भाषणातून सांगितलेले नाहीत, आगगाडीतून दाखवलेत. कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे, त्यात सुरुवातीलाच जिजामाता एक्सप्रेस डेक्कन क्वीनहून वेगाने पुणे-मुंबई मार्गावर धावते आणि लोणावळा चाळीस मिनिटांत येतं. पुणे-लोणावळा अंतर साधारण ६४ किमी, म्हणजे सरासरी ताशी ९६ किमी. पहिल्या वाचनात हे वाक्य डोळ्यांखालून निघून जातं. दुसऱ्या वाचनात कळतं की जग बदलल्याची पहिली खूण तीच होती. पुढे मुंबई हद्दीच्या ठाण्यावर परवाने तपासले जातात, डब्यांवर ब्रिटिश झेंडा दिसतो, तोवर गंगाधरपंतांची खात्री पटलेली असते.

आणि गंगाधरपंत त्या जगातून बरोबर आणतात ते बखरीचं फाटकं पान! पुराव्याचा इतका नेमका वापर मराठी कथेत क्वचित झाला असेल. बखरीची भाषा तीच, वाक्याची चाल तीच, फक्त गोळी लागली की चुकली एवढाच फरक. इतिहासाची साधनं वाचणाऱ्याला हा फरक काळजाला भिडतो. आपणही अशीच एकेक ओळ धरून भूतकाळ उभा करत असतो.

क्षितिजरेषा

मोडीवाचकांचा प्रतिसाद सुरेख. एक भर घालते. या कथेत शेवटी शास्त्रज्ञ मित्र जे स्पष्टीकरण देतो त्यात दोन कल्पना आहेत आणि वाचक त्यांची गल्लत करतात. एक, इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, ही क्वांटम कल्पना. दुसरी, कॅटॅस्ट्रॉफी थिअरी, म्हणजे कारणात चिमूटभर बदल झाला तरी काही ठिकाणी परिणाम एकदम दुसऱ्याच खोबणीत जाऊन पडतो. फ्रेंच गणिती रने तोम यांचं या विषयावरचं पुस्तक १९७२ चं, म्हणजे कथेच्या काळात ही कल्पना ताजी होती.

बंदुकीची गोळी इलेक्ट्रॉनसारखी वागत नाही. २० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने जात असेल तर तिची क्वांटम तरंगलांबी (ती जितकी लहान तितकी ही अनिश्चितता नगण्य) सुमारे १०^-३४ मीटर येते, अणूच्या केंद्रकापेक्षाही अब्जावधी पटींनी लहान. त्यामुळे क्वांटम अनिश्चितता थेट गोळीपर्यंत पोचवणं ही कथेतली खरी सूट. कॅटॅस्ट्रॉफी थिअरी पुढचा भार उचलते: गोळी दोन बोटं सरकली की लढाईचा निकाल फिरतो. पहिल्या जागी ‘सू’, दुसऱ्या जागी ‘प’.

ओसरी

पेन्सिल, रकाने, तरंगलांबी... या सगळ्यात कथा हरवते असं वाटतं. कथा माणसांची असते. शाळेतल्या मुलांना असं वाचायला लावलं तर ती विज्ञानकथेपासून पळतील.

रेघोटी

@ओसरी, म्हणूनच पहिलं वाचन कोरं ठेवायचं, आणि त्यावर तडजोड नको. मुलांना तर पहिलंच पुरे. दुसऱ्या वाचनात मात्र माणसंसुद्धा जास्त नीट दिसतात. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक आहेत म्हणून बदललेल्या जगात ते पोलिसांकडे जात नाहीत, ग्रंथालयात जातात. स्वभावातून आलेली कृती आहे ही, आणि ‘प’ लिहितानाच ती हाताला लागते.

क्षितिजरेषा

कृष्णविवरांच्या कथा संग्रहांत वारंवार भेटतात, त्यांच्यासाठी थोडी आकडेमोड ठेवते. कुठल्याही कथेला लावून बघा.

प्रत्येक वस्तुमानाला एक श्वार्त्सशिल्ड त्रिज्या असते: तेवढ्यात दाबलं की त्याचं कृष्णविवर होतं, आणि तीच त्याची कड. सूर्याएवढ्या वस्तुमानाची सुमारे ३ किमी, पृथ्वीची सुमारे ९ मिमी. वस्तुमान दहापट तर त्रिज्या दहापट. न फिरणाऱ्या कृष्णविवराजवळ यान जागच्या जागी तोलून धरलं असेल तर त्यातल्या घड्याळाचा वेग काढायला त्रिज्येला केंद्रापासूनच्या अंतराने भागा, १ मधून वजा करा, वर्गमूळ घ्या. अंतर त्रिज्येच्या १.३३ पट असेल तर उत्तर अर्धा: यानात १ वर्ष, बाहेर २. अंतर १.०१ पट असेल तर साधारण एक दशांश.

कथांत चूक होते ती पुढे. यान ‘प्रदक्षिणा घालत होतं’ असं लिहिलेलं असतं आणि बाहेर शंभर वर्षं उलटतात. इंजिन बंद ठेवून फिरायचं तर सूत्रात त्रिज्येच्या जागी तिची दीडपट घ्यावी लागते, आणि स्थिर कक्षा त्रिज्येच्या ३ पटीच्या आत मिळतच नाही. तिथे उत्तर ०.७०७ येतं, म्हणजे यानात ७ वर्षं तर बाहेर जेमतेम १०. शंभर वर्षं हवी असतील तर लेखकाने इंजिन चालू ठेवलेलं दाखवावं किंवा स्वतःभोवती वेगाने फिरणारं कृष्णविवर घ्यावं. दोन्ही नसेल तर ‘ठ’.

दुसरी तपासणी ताणाची. सूर्याच्या १० पट वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या कडेला दोन मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्या-पायांवरच्या ओढीत पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे दोन कोटी पट फरक पडतो. तिथवर कोणी जिवंत पोचत नाही. तेच सूर्याच्या १० लाख पट वस्तुमानाचं असेल तर कडेवरचा फरक गुरुत्वाच्या पाचशेव्या भागाएवढा, जाणवणारही नाही. नायक कड ओलांडत असेल तर कृष्णविवर अवाढव्य हवं.

चांदणवेल

वाचनखूण साठवली. पण संग्रहात विज्ञानकथांशेजारी अद्भुतकथा असल्या तर काय करायचं? तिथे सूट मोजायला लागलो तर प्रत्येक ओळीवर ‘सू’ पडेल.

मोडीवाचक

@चांदणवेल, अद्भुतकथेत सूट मोजू नका, नियम आणि त्याची किंमत शोधा. आपल्याकडचा नमुना वेताळाच्या गोष्टींचा. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, अकराव्या शतकात, त्या आलेल्या आहेत. प्रेत बोलतं, हे मान्य करून टाका. त्यानंतर नियम पक्का आहे: राजाने मौन मोडलं की वेताळ परत झाडावर. आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. दोन्ही बाजूंनी कोंडी. पंचवीस गोष्टी या एका नियमावर चालतात, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राजाला खरोखरच सापडत नाही, तेव्हा तो नियम न मोडता सुटतो. अद्भुतकथा फसते ती अडचणीच्या क्षणी नवा मंत्र निघाला की. तिथे निःशंक ‘ठ’ लिहा.

कोनमापक

नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा राहिली. धूमकेतूला धक्का देऊन पृथ्वीवरून चुकवायचा असेल तर कथेत तारखा शोधा. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किमी, म्हणजे निदान तेवढं तरी बाजूला सरकवायला हवं. ढोबळ हिशेबाने दहा वर्षं आधी धक्का दिला तर सेकंदाला २ सेंमी वेगबदल पुरतो. एक वर्ष आधी तर २० सेंमी. महिनाभर आधी तर अडीच मीटर. १ किमी व्यासाच्या, पाण्याच्या निम्म्या घनतेच्या धूमकेतूचं वजन सुमारे २६ कोटी टन भरतं, म्हणून उशीर झाला की अणुस्फोटाशिवाय लेखकाकडे पर्याय उरत नाही. हे आता नुसतं कागदावर नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवलं आणि त्याची सुमारे १२ तासांची प्रदक्षिणा ३३ मिनिटांनी कमी झाली.

ओसरी

वाचनगटात हे करायचं तर वेळ कसा बसवायचा? आठ-दहा जण, महिन्यातून एकदा.

रेघोटी

दीड तास धरा. छापील पान मोठ्याने वाचायला दोन ते अडीच मिनिटं लागतात, म्हणजे १५ पानांची कथा ३० ते ४० मिनिटांत होते. वाचणारा एकच असावा, आळीपाळीने वाचलं की सूर तुटतो. वाचून झाल्यावर पाच मिनिटं कोणी बोलू नये, प्रत्येकाने सूट एका वाक्यात चिठ्ठीवर लिहावी. चिठ्ठ्या एकत्र उघडा. दहापैकी सहा वेगळ्या निघाल्या तर चर्चा आपोआप पेटते. कथेत पट्टी, आरसा, भिंग असं काही असेल तर ती वस्तू मेजावर ठेवा, पण वाचन संपेपर्यंत झाकून.

पाटीपेन्सिल

पारदर्शक शीटवर झालं! सोंड उजवीकडे आली. फक्त जिथे टोकं चिकटवली तिथे चिकटपट्टीखाली शाई पसरली. शाई दोन मिनिटं वाळू द्या आणि गणपती टोकापासून २ ऐवजी ३ सेंमीवर काढा, म्हणजे चिकटपट्टी त्याच्या अंगावर येत नाही.